साळवे आप्पांची जोडपी

मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत साळवे आप्पा राहतात आणि ते पक्ष्यांची लग्नं लावतात. चित्रातल्या पक्ष्यांची. साहेबाच्या राज्यात हौशी गोऱ्यांनी इथले पशुपक्षी चितारून घेतले होते, त्या जुन्या ग्रंथांची सुटी पानं आप्पा बाजारातून हुडकून आणतात. पिवळी पडलेली, हातानं रंगवलेली. पानावर नर एकटाच दिसला की आप्पांचं डोकं फिरतं. मग पेन्सिलीला टोक काढून ते त्याच्या शेजारी मादी काढतात.

“रंगीत हाय म्हणून नुसता नर काढायचा, व्हय? मादी मळकट म्हणून तिला कागदावर जागा नाय? लई बेइन्साफी हाय भाऊ ही.”

एकदा एक शौकीन गृहस्थ काळविटाचं पान विकत घ्यायला आले. काळविटाला खेटून उभी असलेली पेन्सिलीतली हरिणी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, वाटोळं केलंत चित्राचं.”

“न्यायचं तर कुटुंबासकट न्या,” आप्पा म्हणाले. गृहस्थ चहासुद्धा न घेता गेले.

आप्पांकडे नवं पान येणं म्हणजे घरी पाळणा हलणं. गेल्या हिवाळ्यात माझी दाढी अर्धवट असतानाच त्यांनी मला ओढत नेलं. राखी धनेश! झाडाच्या ढोलीपाशी बसलेला, चोचीत उंबर. “पापण्या बघ भाऊ, पापण्या! पाखराला पापण्या हायेत. केस न् केस काढलाय गड्यानं.” मीही नाक कागदाला टेकवून बघत राहिलो. असा आनंद संसर्गजन्य असतो.

पण महिने गेले, धनेश एकटाच. मी चिडवलं, “आप्पा, याचं लग्न राहिलं की.”

“झालंय. ती आत हाय. पिल्लासाठी ढोलीचं तोंड लिंपून आत कोंडून घेतलंय तिनं सोताला, एवढीशी फट ठिवलीय. ह्यो भाईरून उंबरं आणून चारतो. पिल्लू वाढलं की भिंत फोडून येती ती.” जरा थांबून म्हणाले, “येतीच.”

मी हसत घरी आलो. रविवारी आप्पा पेरूंची पिशवी घेऊन निघालेले दिसले आणि माझं हसू मावळलं. नातू झाल्यापासून साळवे काकू, जाड भिंगांचा चष्मा सावरत, शहराच्या दुसऱ्या टोकाला, बजाजनगरला त्याला सांभाळतात. मुलगा-सून दोघं कंपनीत. एका खोलीच्या त्या घरात आप्पांना अंथरूण टाकायला जागा नाही. दर रविवारी ते फळं देऊन संध्याकाळी एकटे परततात.

या जूनमध्ये एका सकाळी आप्पा धापा टाकत दारात उभे. “भाऊ, तुझ्या पोरीचं शार्पनर दे. नातू शाळंत चालला. दिवसभराची शाळा हाय. सोमवारी येती म्हणली.”

मी मागोमाग धावलो. ढोलीबाहेरच्या फांदीवर, नराला अगदी लागून, मादी उतरली. पापण्या झाल्या. मग आप्पांनी पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं आणि तिला चष्मा घातला.