दोन पीक जास्त

दीपमालाच्या फेराइटला दोन पीक जास्त आली, आणि त्याचा दोष तिने सरळ दिनेशवर ढकलला.

दीपमाला नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि सोबत पीएच.डी. करायची. कोबाल्ट फेराइट नावाची काळी, चुंबकाला चिकटणारी भुकटी तिने महिनाभर खपून बनवली होती. अशा भुकटीवर क्ष-किरण सोडले की आतले अणू कसे रचलेत ते आलेखावर उमटतं. आलेखातल्या टोकांना सगळे 'पीक' म्हणतात. ते एक्सआरडीचं मशीन दिनेश चालवायचा.

"मशीन बिघडलंय तुमचं," ती म्हणाली.

"सकाळीच तपासलंय मॅडम. परत लावू का?"

त्याने परत लावलं. पीक तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. मग तिने विभागप्रमुखांना लेखी तक्रार दिली, 'ऑपरेटर निष्काळजी आहे.' दिनेशकडे खुलासा मागितला गेला.

रविवारी ती सायखेड्याला सासरी गेली, तरी डोक्यात तेच. सासूबाई, अक्काबाई, ओट्यावर कांदे निवडत होत्या.

"काय झालं गं, तोंड पाडून बसली?"

"दोन पीक जास्त आलीत, आई."

"मग रडती कशाला? लोकांना एक धड येत नाय!"

सोमवारी तिचे मार्गदर्शक बाळाजी सर यांनी आलेख हातात घेतला. लॅबमध्ये एम.एस्सी.ची पोरं होती.

"हे मीठ आहे," सर म्हणाले.

"कसलं मीठ, सर?"

"खायचं. नमुना कशात कुटलात?"

दीपमालाचे कान तापले. लॅबमधला खल तडकला होता, म्हणून मागच्या सुट्टीत तिने भुकटी अक्काबाईंच्या दगडी खलात कुटली होती. ओल लागू नये म्हणून तो धुतलाही नव्हता, नुसता फडक्याने पुसला होता.

"सर... त्यात सासूबाई लसणाची चटणी कुटतात."

पोरांनी वह्यांमागे तोंडं लपवली. सर मात्र हसले नाहीत, तेच जास्त लागलं. "बरोबर. लसूण-मिरची आलेखात दिसत नाही, मीठ दिसतं. कारण त्याला स्फटिकरचना असते. लिहून घ्या रे," ते म्हणाले. पोरांनी लिहून घेतलं.

मशीनच्या खोलीपर्यंत जाताना दीपमाला दोनदा माघारी फिरली. दिनेश खुलासा लिहीत बसला होता. समोर खाडाखोड केलेले दोन कागद.

"बरं झालं आलात मॅडम. 'निष्काळजी'मधल्या 'नि'ची वेलांटी पहिली की दुसरी?"

तिला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. "दिनेश, चूक माझी होती. नमुन्यात मीठ होतं."

"हो ना. कॉम्प्युटरने पहिल्याच दिवशी दाखवलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम घातलं असेल. पीएच.डी.चं आपल्याला काय कळतंय!"

तिने त्याच्याच हातातलं पेन घेतलं आणि तिथेच तक्रार मागे घेणारं पत्र लिहिलं. खल, फडकं, चटणी, सगळं. दिनेशने ते वाचलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, चटणीचं काढा. साहेब असली पत्रं नोटीस बोर्डावर लावतात."

"लावू देत," दीपमाला म्हणाली आणि सही केली. मान मात्र तिने वर केली नाही.