साखरबाईचा नंबर

"आपल्या गटात औंदा आजारी कोण पडलं, तिनं हात वर करा," भामाबाई म्हणाली.

भांडगावात बिरोबाच्या देवळापुढच्या ओट्यावर महिला बचत गटाची बैठक भरली होती. एकही हात वर झाला नाही. बायांनी एकमेकींची तोंडं पाहिली. नकुशीला मध्यंतरी सर्दी झाली होती, पण ती काढा पिऊन गेली, आणि सर्दीला दवाखान्यात ठेवून घेत नाहीत हे तिलाही माहीत होतं. अख्खा गट ठणठणीत होता आणि त्यामुळं सगळ्यांचं डोकं फिरलं होतं.

त्याचं असं झालं. गेल्या पाडव्याला पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम गावात आल्या आणि आरोग्य विम्याची योजना सांगून गेल्या. वर्षातून एकदा घरटी थोडी वर्गणी भरायची. घरात कुणाला दवाखान्यात ठेवायची पाळी आली तर बिल योजनेतून जाणार. मॅडम गोड बोलून गेल्या, पण त्यानंतर घरोघर उंबरे झिजवले ते गटाच्या सचिवानं, म्हणजे साखरबाईची सून हर्षदा हिनं. बारावी झालेली, हुशार पोरगी. आता वर्ष सरत आलं होतं. पाडव्याला मॅडम परत यायच्या होत्या, आणि गटानं पुन्हा वर्गणी भरली नाही तर योजना गावातून जाणार होती.

"मग आपलं पैसं गेलं कुठं?" भामाबाईनं विचारलं.

"मावशी, ते दुसऱ्या गावच्या आजारी माणसांच्या कामी आलं. उद्या आपल्यावर वेळ आली की त्यांचं आपल्या कामी येईल."

"कुणाच्या कामी आलं? गाव सांग."

हर्षदाला खोटं बोलायची सवय नव्हती, तिथंच घात झाला. "शिक्रापूरच्या गटातल्या बाया ॲडमिट झाल्या होत्या."

"म्हंजी शिक्रापूरच्या बायांनी आपल्या जिवावर खाटंवर लोळायचं, आन् आपण हितं उन्हातान्हात खुरपायचं?"

ओट्यावर एकच गलका झाला. भामाबाईनं हात वर करून तो थांबवला. गावातली भिशी कित्येक वर्षं तीच चालवत होती, त्यामुळं बायांचे पैसे आणि त्यांची फिरती पाळी हा तिचा हातखंडा विषय होता. ती म्हणाली, "भिशीत कसं, दर म्हैन्याला कुणाचा तरी नंबर लागतोच. हितं वरीस झालं, एकीचा नंबर न्हाई. का? तर चिठ्ठ्याच टाकल्या न्हाईत. चिठ्ठ्या टाका. जिची निघंल ती ॲडमिट व्हईल."

"मावशी, आजारपण काय चिठ्ठीनं येतं का? मॅडमना कळलं तर गावाचं नाव खोडतील."

"आपण खोटं कुठं बोलतोय? आपण निस्तं घिऊन जायचं. डाक्टर म्हनला ठिवा, तर ठिवायचं. म्हनला न्यावा, तर न्यायचं. कुणात काय निघंल, तुला काय ठावं?"

यावर हर्षदानं विचार केला की डॉक्टरच यांना परत पाठवतील आणि परस्पर भांडण मिटेल. म्हणून ती गप्प बसली. तांब्यात चिठ्ठ्या पडल्या, नकुशीनं डोळे मिटून एक काढली, हर्षदानं ती उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "तुमचा नंबर."

"अगं बाई, माझा कशाला," असं म्हणून साखरबाईनं पदर तोंडाला लावला. पदर लावणं भागच होतं, कारण आतून तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

साखरबाई जन्मात कधी आजारी पडली नव्हती. तरुणपण सगळं मेंढरांमागं गेलं. दिवाळीनंतर कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर वर यायचं. मुलगा वाटेतच एका बाभळीखाली झाला, आणि दुसऱ्या दिवशी बाळ घोड्यावरच्या बिऱ्हाडात आणि आई घोड्यामागं चालत. पुढं मेंढरं गेली, जमीन आली, घर आलं, पण दिवसाउजेडी अंग टाकायची सवड काही आली नाही.

भामाबाईचं तसं नव्हतं. तिचं मागं दौंडला अपेंडिसचं ऑपरेशन झालं होतं. गाव जीप भरभरून भेटायला गेलं होतं. केळी, बिस्किटं, शहाळी, नुसती रास पडली होती. साखरबाईही केळी घेऊन गेली होती. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून तिनं विचारलं होतं, "कसं वाटतंय?" आणि भामाबाईनं अर्धे डोळे मिटून असा काही बारीक आवाज काढला होता, "बरं हाय आता." तो आवाज साखरबाईच्या मनातून कधी गेला नाही. आपल्याला उभ्या जन्मात कुणी कसं वाटतंय म्हणून विचारलं नाही, हे तिच्या तेव्हाच पहिल्यांदा लक्षात आलं. विचारणार तरी कसं? तिला कधी काही झालंच नव्हतं.

म्हणून दौंडला जायच्या आधी ती रोज गोठ्यात जाऊन गाईपुढं सराव करू लागली. "बरं हाय आता." पण डोंगराच्या या अंगावरून त्या अंगाला हाका मारण्यात जन्म गेलेला, आवाज काही केल्या बारीक होईना. प्रत्येक वेळी गाय दचकून उभी राहायची.

जायच्या दिवशी तिनं सकाळीच ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. नवरा, गेणबा, ओसरीवर तंबाखू मळत बसला होता.

"कुणाचं लगीन हाय?"

"लगीन न्हाई. दवाखान्यात चाललीया."

"कोण आजारी हाय?"

"मी."

गेणबानं मान वर करून पाहिलं. साखरबाई तेव्हा पेंडीचं भरलेलं पोतं एका हातानं बाजूला सारून मागची ट्रंक ओढत होती. "बरं," तो म्हणाला, "जाताना तेवढं पोतं आत टाकून जा."

पोतं आत टाकून ती फाट्यावरच्या कॉइनबॉक्सवर गेली आणि वढू बुद्रुकला दिलेल्या लेकीला, प्रतिभाला, फोन लावला. "येऊ नको म्हणून सांगाया फोन केलाय. मी दवाखान्यात चाललीया, दौंडला. न्हाई, काय न्हाई. तू येऊ नकोस. त्यो डावीकडं पुलाखालनं गेलं की दवाखाना हाय बग. पर येऊ नकोस."

वडापची जीप जत्रेला निघाल्यासारखी निघाली. अख्खा गट आत होता. कुणी धपाटी घेतली होती, कुणी शेंगांची चटणी. साखरबाईला पेशंट म्हणून खिडकीजवळ बसवली होती आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी तिला पाणी देत होतं. एवढी बडदास्त लग्नातही झाली नव्हती. हर्षदा मात्र मागं अंग चोरून बसली होती आणि डॉक्टर कडक असावेत अशी बिरोबाची करुणा भाकत होती.

डॉक्टर तरुण होते. "काय होतंय, आजी?"

"चक्कर येती," भामाबाई म्हणाली.

"त्यांना बोलू द्या."

साखरबाईला चक्कर पढवून आणली होती. पण समोर डॉक्टर, शेजारी सून, जीभ रेटेना. "तसं कायच व्हत न्हाई," ती फार दुःखानं म्हणाली.

"भूक लागते का?"

"लागती."

"झोप?"

"पडायचा अवकाश."

"चालताना दम लागतो?"

"कोकणातनं घाट चढताना मेंढरांना लागायचा."

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, काट्याकडं पाहिलं आणि पुन्हा फुगवला. मग हाक मारली, "सिस्टर, जरा इकडं या. हे बघा." साखरबाईच्या जिवात जीव आला. काहीतरी निघालं म्हणायचं.

"असं बीपी बघायला मिळत नाही हल्ली," डॉक्टर म्हणाले. "माझंसुद्धा इतकं चांगलं नाही. आजी, खुशाल घरी जा."

साखरबाईचं तोंड एवढंसं झालं. हर्षदानं सुटकेचा श्वास सोडला. पण भामाबाई ऐकणारी नव्हती. "डाक्टर, ते मशीन बिघडलं आसंल. एवढी बाई आणली, तिच्यात कायच न्हाई म्हंजी काय?"

"मशीन चांगलं आहे. पाहिजे तर तुम्हाला लावून दाखवतो."

"लावा की."

डॉक्टर हसत हसत पट्टा फुगवू लागले, आणि मध्येच त्यांचं हसू थांबलं. त्यांनी दुसऱ्या दंडाला पट्टा लावला. "डोकं दुखतं का तुमचं?"

"दुखतंय की पावसाळ्यापासनं. ह्या बायांच्या बैठका घ्यायच्या म्हटल्यावर दुखणारच."

"मान? डोळ्यांपुढं काजवे?"

"समदं हाय. त्यात काय एवढं."

"त्यात पुष्कळ आहे. तुम्हाला आत्ताच्या आत्ता ॲडमिट व्हावं लागेल."

मग नकुशी नियमाला धरून म्हणाली, "पर डाक्टर, नंबर साखरबाईंचा हाय."

"कसला नंबर?"

हर्षदा छताच्या पंख्याकडं बघू लागली. भामाबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "व्हय की," ती घाईघाईनं म्हणाली, "नंबर तिचाच हाय. साखरबाई, झोप की तू. माझी म्हस व्यायला झालीया, मला कुठं सवड हाय?"

"मावशी, बीपी असं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आज इथं आला नसता तर एखाद्या दिवशी रानातच कोसळला असता. ज्यांनी आणलं त्यांचे उपकार माना."

भामाबाईनं वळून साखरबाईकडं पाहिलं आणि तिचा हात घट्ट धरला. तिचे दोन्ही मुलगे शिक्रापूरला कंपनीत कामाला, तिथंच खोली करून राहणारे. घरी म्हशीखेरीज कुणी नव्हतं. "मला सोडून जाऊ नगंस, बाय," ती म्हणाली. आवाज फार बारीक आला होता, आणि या वेळी तो काढलेला नव्हता. साखरबाईचा सगळा रुसवा तिथंच विरघळला. "मी हाय की हितंच," ती म्हणाली.

भामाबाई खाटेवर आणि साखरबाई खाटेखाली चटईवर, अशी व्यवस्था झाली. हर्षदानं योजनेचं कार्ड दाखवलं, ते चाललं, आणि कुणी भामाबाईकडं पैसे मागितले नाहीत. बाया हे तोंडात बोटं घालून बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वढूची जीप आली. प्रतिभा, तिची सासू, नणंद, शेजारणी, सगळ्या आल्या. प्रतिभानं दारातून खाटेवर पांघरूण पाहिलं आणि "आये गं" म्हणत धावत जाऊन त्याला मिठीच मारली. पांघरूण किंचाळलं. सिस्टर पळत आली.

"अगं, मी न्हाई," भामाबाई आतून म्हणाली, "ती हाय बग."

साखरबाई कोपऱ्यात भामाबाईचं लुगडं पिळत उभी होती. प्रतिभानं डोळे पुसले. "आन् तू तर धडधाकट हायस."

"मी म्हनलंच हुतं येऊ नको," साखरबाई म्हणाली, जणू धडधाकट असण्यात तिचाच काही गुन्हा होता.

आणलेली केळी परत नेणं बरं दिसलं नसतं. प्रतिभाच्या सासूनं ती पेशंटच्या खाटेवर ठेवली. मग सगळ्या जणी रीतीप्रमाणं खाटेभोवती उभ्या राहिल्या आणि विचारलं, "कसं वाटतंय?" भामाबाईनं अर्धे डोळे मिटले. "बरं हाय आता."

साखरबाई तिला केळी सोलून देत होती. आपल्या लेकीनं आपल्यासाठी आणलेली केळी. एक सोललेलं केळं तिच्या हातात जरा जास्त वेळ राहिलं, मग तिनं तेही भामाबाईला दिलं. मान वर केली तर दारात डबा घेऊन हर्षदा उभी होती आणि तिच्याकडंच बघत होती. साखरबाई सालं टाकायला निघून गेली.

पाडव्याला मॅडम आल्या. त्यांनी विमा म्हणजे काय हे समजावायला सुरुवात केली, तोच पुढं बसलेली भामाबाई उठली. "मॅडम, तुम्ही बसा. ह्यास्नी मी सांगते." तिनं पावसाळ्यापासून सुरुवात करून बीपीच्या पट्ट्यापर्यंत सगळं सांगितलं. चहा व्हायच्या आत झाडून साऱ्या घरांची वर्गणी जमली, आणि शिक्रापूरच्या बायांचाही कुणी पाणउतारा केला नाही. एवढी जागरूकता गटात कशी आली, असं मॅडमनी विचारलं. हर्षदा म्हणाली, "नशीब."

मॅडमची गाडी गेल्यावर बाया उठू लागल्या, तेव्हा हर्षदानं त्यांना थांबवलं. "एक विषय राहिला. भिशीचा नियम काय आहे, भामामावशी?"

"जिचा नंबर लागला तिला मिळालंच पायजे."

"मग आत्यांना कुठं मिळालंय?"

मुद्दा बिनतोड होता. भामाबाईनं कपाळाला हात लावला. "खरं हाय की गं. नंबर तिचा, आन् जीव माझा वाचला."

दुसऱ्याच दिवशी भामाबाईच्या ओसरीवर बाज टाकली गेली, वर नवी गोधडी. हिरवं लुगडं नेसून साखरबाई भर दुपारी आडवी झाली. हातांचं काय करावं तिला कळेना. भामाबाईची व्यालेली म्हैस ओरडली की ती उठायची आणि बाया तिला धरून पुन्हा निजवायच्या. "पेशंटनं उठायचं नसतं," भामाबाई बिनमिठाची आमटी ढवळत म्हणायची. नकुशी केळी घेऊन आली. मागून बिस्किटांचे पुडे आले, शहाळी आली. वढूवरून प्रतिभा आली, या वेळी हसत. बाजेवर पाय ठेवायला जागा उरली नाही. जो येईल तो पायथ्याशी उभा राहून विचारायचा, आणि साखरबाईला हसूच फुटायचं. उत्तर काही देता यायचं नाही.

दिवस कलल्यावर गेणबा आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली केळी होती. त्यानं टोपी काढली, परत घातली, बायांकडं पाहिलं, मग म्हशीकडं पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं हा प्रश्न कधी विचारला नव्हता, त्यामुळं शब्द जरा अडकले.

"कसं वाटतंय?"

साखरबाईनं अर्धे डोळे मिटले. आवाज आपोआप बारीक आला.

"बरं हाय आता."