प्लग काही निघेना

दंतवैद्याने आजवर किती अक्कलदाढा उपटल्या असतील याची गणती नव्हती. पण स्वतःची जुनी पेट्रोलची गाडी काढून टाकावी की नाही, हे मात्र त्याला वर्षभर ठरवता येत नव्हतं. जेवायला बसलं की विषय निघायचाच.

"प्लग-इन हायब्रिडचं कसं असतं," तो घास हातात तसाच धरून सांगायचा, "घरी चार्ज करायची. गावातल्या गावात विजेवर फिरायचं. लांब जायचं झालं तर पेट्रोल आहेच."

"मग घेऊन टाक," बायको म्हणायची.

"पण चार्ज कुठे करणार? आपण चौथ्या मजल्यावर."

"मग नको घेऊस."

"पण आपली गाडी आता साध्या चढावरही धापा टाकते."

बायको शाळेत गणित शिकवायची. उत्तर न येणारं गणित रोज रोज ताटात वाढलेलं तिला सोसायचं नाही. "आई, आता तूच सांग बाई याला," ती वैतागून म्हणायची.

आई म्हणजे दंतवैद्याच्या सासूबाई. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. समोरचा कितीही किंचाळला तरी आवाजाची पट्टी बदलायची नाही, ही सवय तिथली. "जुनी चांगली चालतेय की," त्या शांतपणे म्हणायच्या. "आत्ताच कशाला नवीन?" आणि आपलं ताट उचलून आत जायच्या.

गेल्या काही दिवसांत तर गाडीच्या चर्चेला ऊत आला होता, आणि त्याला कारण होतं. सासूबाईंच्या मानेवर गाठ आली होती. त्यातला तुकडा काढून तपासायला पाठवला होता, आणि रिपोर्ट घ्यायला सर्जनबाईंनी समक्ष बोलावलं होतं. समक्ष का, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. त्यामुळे घरातले तिघंही जीव तोडून बॅटरीवर बोलत होते.

शेवटी शोरूमच्या सेल्समनलाच दंतवैद्याची दया आली. "साहेब, दोन दिवस घरी नेऊन वापरून तर बघा. तोवर तुमची गाडी इथे राहू द्या, आमची माणसं तपासून ठेवतील."

आणि अशा रीतीने, ज्या दिवशी रिपोर्ट मिळायचा होता त्या दिवशी, दंतवैद्याच्या दारात पाहुणी गाडी उभी होती.

सकाळी उठल्याउठल्या तो पार्किंगमध्ये गेला. जिन्याखाली एक जुना सॉकेट होता, साचलेलं पाणी उपसायच्या मोटरसाठी कधीतरी बसवलेला. वायर तिथपर्यंत अगदी ताणून पोचली. दुसऱ्या टोकाचा प्लग गाडीत बसला, तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि आपलं बाळ पहिल्यांदा हसलेलं बघावं तसा दंतवैद्य हरखून गेला. त्याने चार बाजूंनी फोटो काढले आणि गाडीला कुलूप लावून तो वर आला.

निघायची वेळ झाली तेव्हा हॉस्पिटलची फाइल सापडेना. सगळे खण उपसणं सुरू झालं.

"मी पुढे होते, गाडीत बसते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी खुंटीवरची किल्ली पर्समध्ये टाकली आणि लिफ्टने खाली निघाल्या.

फाइल बायकोच्याच पिशवीत निघाली. दोघं दार ओढून बाहेर आली, तेवढ्यात जिन्यातला दिवा गेला आणि लिफ्ट आचका देऊन थांबली. मागोमाग खालून आवाज आला, "हॅलो. मी मध्ये अडकलेय. ऐकू येतंय का?"

बायको जिन्याने धावत सुटली. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध लटकत होती. दाराच्या काचेतून सासूबाईंची चप्पल तेवढी दिसत होती.

"आई! घाबरू नकोस!"

"मी नाही घाबरले. तू आधी श्वास घे."

"आई, किल्ली तुमच्याकडेच आहे ना?" दंतवैद्याने वरून विचारलं.

"ती आत अडकलीय आणि तुला किल्लीचं पडलंय?" बायको कडाडली.

"तसं नव्हे गं. गाडी माझ्या सॉकेटवर लावलीये. बहुतेक त्यानेच फ्यूज उडाला. कुलूप लावलं की गाडी प्लग सोडत नाही. वायर काढायला गाडी उघडावी लागेल, ती उघडायला किल्ली लागेल, किल्ली लिफ्टमध्ये आहे, आणि लिफ्ट..."

"माझ्या सॉकेटवर म्हणे!" खालून गर्जना झाली. सोसायटीचे चेअरमन नाइट ड्रेसवरच जिना चढून येत होते. "तो सॉकेट सार्वजनिक आहे! अख्ख्या बिल्डिंगची लाइट घालवलीत! उद्या प्रत्येकाने आपापली गाडी लावली तर काय करायचं आम्ही? कंदील घेऊन बसायचं?"

"काका, ओरडा नंतर. मीटर रूमची किल्ली तुमच्याकडे आहे ना? चला आधी," बायको म्हणाली.

"मी जातो एकटा. तुम्ही थांबा इथेच," चेअरमन जरा घाईने म्हणाले. पण ती कसली ऐकतेय? ती त्यांच्याही पुढे निघाली.

दंतवैद्य लिफ्टपाशी एकटाच उरला.

"आई, पाणी वगैरे हवंय का?"

"देणार कुठून?" आतून हसल्याचा आवाज आला. "जावईबापू, खरं सांगू? इथे फार बरं वाटतंय. घरात तुम्ही दोघं माझ्याकडे सारखं काळजीने बघता. इथे कुणी बघत नाही."

दंतवैद्य पायरीवर बसला. "आम्हाला वाटलं, आम्ही लपवतोय."

"दिवसभर बॅटरी बॅटरी करत होतात, ते लपवणं होय? एक्स्चेंजमध्ये आम्ही आवाजावरून ओळखायचो, माणूस कशाला फोन करतोय आणि बोलतोय काय." त्या म्हणाल्या. "भीती मलाही वाटतेय. पण हे तिला सांगू नका."

"नाही सांगत," तो म्हणाला, आणि त्याने हातातली फाइल विनाकारण चाळली.

खाली मीटर रूमपाशी वेगळंच नाटक रंगलं होतं. चेअरमननी दार जेमतेम हातभर उघडलं आणि ते पोट आत ओढून कडेकडेने शिरायला लागले. बायकोने दार सरळ ढकललं. आत मीटरच्या पेट्यांखाली एक कोरी करकरीत इलेक्ट्रिक स्कूटर उभी होती. तिच्या पोटातून निघालेली वायर थेट जिन्याच्या लाइनमध्ये गेली होती.

"ही कुणाची?"

चेअरमन स्कूटरकडे असं बघायला लागले, जणू ती आत्ताच आपणहून चालत आत आली असावी. "मुलाने पाठवली," ते शेवटी पुटपुटले. "चालवून बघावी म्हटलं थोडे दिवस. कशाला गाजावाजा?"

"म्हणजे दोन गाड्या, त्यात लिफ्ट, आणि लाइन एकच," गणिताच्या बाई म्हणाल्या. "उत्तर बरोबर आलं." त्यांनी स्कूटरची वायर उपसली आणि चेअरमननी निमूटपणे खटका वर केला.

लिफ्ट खाली आली. सासूबाई पदर सारखा करत बाहेर पडल्या. वेळ टळत चालली होती, तेव्हा सगळे गाडीकडे पळाले. दंतवैद्याने किल्ली दाबली, दारं उघडली, पण प्लग काही निघेना. त्याने ओढला. दोन्ही हातांनी ओढला. बंपरला पाय लावून ओढला. गाडी जागची हलली, पण प्लग हलला नाही.

"वर्षभर वाचत होतास ना?" बायको रडकुंडीला आली होती. "लावायचा कसा एवढंच वाचलंस का?"

"टॅक्सी बोलव!"

"बोलावतेय! एकही मिळत नाहीये!"

चेअरमननी पक्कड आणली. हातोडी आणू का, असंही विचारलं. दंतवैद्य घामाघूम झाला. तेव्हा बायको त्याच्यासमोर उभी राहिली आणि वर्गात फळ्याजवळ अडकलेल्या मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "हे बघ, दात कसा काढतोस तू? असा खेचतोस?"

"छे! मोडेल ना तो. आधी आत दाबायचा, मग..." तो मध्येच थबकला. त्याने प्लग हळूच आत दाबला, किल्लीचं बटण पुन्हा दाबलं आणि अलगद बाहेर घेतला. टक्. प्लग लोण्यातून सुरी यावी तसा हातात आला, आणि पुढच्या जोराच्या तयारीत असलेला दंतवैद्य मागच्या मागे चेअरमनच्या अंगावर बसला.

गाडी आवाज न करता फाटकाबाहेर पडली. वाटेत कुणी बॅटरीचं नावही काढलं नाही.

सर्जनबाई दुसऱ्या पेशंटला आत घेणारच होत्या. त्यांनी तिघांचे चेहरे बघितले आणि खुर्चीत बसायच्या आतच सांगून टाकलं, "साधी गाठ आहे. काही वाईट नाही. समक्ष एवढ्यासाठीच बोलावलं की टाके बघायचे होते."

बायको हुंदके द्यायला लागली. दंतवैद्याने तिला धीर द्यायला तोंड उघडलं आणि तोच रडायला लागला. सासूबाईंनी पर्समधून रुमाल काढला, मधोमध फाडला आणि दोघांना अर्धा अर्धा दिला.

टाके बघून झाले. परत निघताना चेअरमनचा फोन आला. आवाजात कमालीचा गोडवा होता. पार्किंगला स्वतंत्र लाइन घ्यायचा विचार ते बरेच दिवस करत होते म्हणे, तेव्हा दंतवैद्याने तेवढा पाठिंबा द्यावा. आणि मीटर रूमचा विषय घरातल्या घरातच राहिला तर बरं.

गाडीचे दोन दिवस आजच संपत होते, म्हणून वाटेत शोरूमपाशी थांबले तेव्हा दंतवैद्याने गाडी परत द्यायच्या तयारीने कागद काढले. "चांगली आहे हो," तो सेल्समनला सांगायला लागला, "पण अजून जरा विचार करतो. एकीकडे वाटतं..."

"निळ्या रंगात येते का ही?" मागून सासूबाईंनी विचारलं.

दोघांनी वळून बघितलं.

"आई, तूच तर म्हणत होतीस, आत्ताच नवीन कशाला?" बायको म्हणाली.

"तेव्हा म्हणत होते," सासूबाई म्हणाल्या. "येते का निळ्यात?"

"येते ना आजी!" सेल्समन आधी खुलला, मग त्याचा चेहरा पडला. "फक्त एक अडचण आहे. निळीला मागणी फार. मिळायला सात-आठ महिने लागतील. जास्तही लागू शकतात."

सासूबाई खुर्चीत आरामात टेकून बसल्या.

"लागू देत की," त्या म्हणाल्या. "मी आहे इथेच."