बाळारामदादा ओटेवाले

बाळाराम म्हात्रे ग्रॅनाइटशी बोलतात. माणसांशीही बोलतात, पण कमी, आणि तेही ओरडून.

चिखलोलीत आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा बसवायला ते आले. सहा फूट उंच, पासष्टीचे, कानावर पेन्सिल. दुकानातून आणलेली आठ फुटी काळी लादी खाली पार्किंगमध्ये भिंतीला टेकवून ठेवली होती. तिला दोन मोठी भोकं पाडलेली, एक सिंकचं, एक शेगडीचं. भोकांपुढे उरलेली जेमतेम तीन बोटांची पट्टी दादांनी चाचपली आणि लादीला म्हणाले, "घाबरू नको बाय. मी हाय."

मग आमच्याकडे वळून, "आता बिल्डिंगमधी कोनी शिंकायचं पन नाय!"

लिफ्टला त्यांचा साफ नकार. लादी उभी मावत नव्हती, आणि "आडवी केली का मोडली. पोटाला दोन भोकं पाडल्यावर तुमी तरी आडवे जाल का?" असं त्यांनी आम्हालाच विचारलं. त्यांनी भोकांवरून लाकडी फळ्या आवळून बांधल्या. लादी लांब कडेवर उभी धरून, भोकांमागची रुंद बाजू खाली ठेवून, जिन्यानं न्यायची ठरली. उचलायला त्यांचे तीन गडी आणि चौथा माझा मेहुणा सुधीर, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं.

दादा पुढे उलटे चढत होते. "दमानं, बाय. वळन आलाय. आता जरा तिरकी हो." हे आपल्यालाच सांगतायत असं वाटून सुधीर दर वेळी "हो दादा" म्हणत तिरका होत होता.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचा हात निसटला. घाबरून त्यानं सापडेल तिथं पकडलं, म्हणजे सिंकच्या भोकात हात घालून थेट त्या बारीक पट्टीला. कट्ट असा आवाज झाला.

"सोड! भोकाला हात नाय लावायचा!" दादा भिंतीला घासत खाली आले आणि त्यांनी घसरत्या कडेखाली स्वतःचा गुडघा घातला. गड्यांची पकड बसेपर्यंत सगळा भार त्यांच्यावर होता.

तडकली होती ती फळी. लादीवर ओरखडाही नव्हता. दादांची पँट मात्र फाटली होती आणि गुडघ्यातून रक्त येत होतं. माझी बायको हळद घेऊन धावली.

"आधी हिला पुसा," ते लादीकडे बोट दाखवून म्हणाले.

संध्याकाळपर्यंत ओटा बसला. भोकांच्या खाली दोन्ही बाजूंनी आधार देऊन झाल्यावर त्यांनी बजावलं, "दोन दिवस यावर काय ठेवायचं नाय. चमचा पन नाय." आम्ही दोन दिवस जमिनीवर बसून भाज्या चिरल्या.

जाताना ते आपली लेव्हलची पट्टी विसरले. रविवारी ती द्यायला मी अंबरनाथजवळ त्यांच्या गावी गेलो. दार उघडंच होतं. आत दादा तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. ओटा त्यांच्या मांडीपर्यंतच येत होता, त्यामुळे पार कमरेत वाकून. दुखरा गुडघा बाजूला ताणलेला.

"दादा, तुम्ही जगाचे ओटे बसवता, हा का उंच करून घेत नाही?"

"मंदाच्या मापाचा हाय. ती एवढीशी." त्यांनी पिठाचा हात स्वतःच्या छातीशी धरला.

"वहिनी कुठं गेल्यात?"

"चार वरसां झाली तिला जाऊन."

दादांनी भाकरी तव्यावर टाकली, कडेनं पाणी फिरवलं.

"उंच केला तर तिचा हात नाय पुरायचा," ते म्हणाले, आणि दुसरा गोळा घ्यायला पुन्हा वाकले.