हद्दआप्पांची प्रश्नपत्रिका

रविवार, २ फेब्रुवारी १९४७. सकाळचे नऊ. शहापूरच्या विणकर गल्लीतल्या वाचनालयाची कार्यकारिणी सभा. हजर: अध्यक्ष रामाण्णा, ज्यांच्या घरी आठ माग आहेत, सभासद बसाण्णा, ज्यांचा ताणा कापला गेला, चिटणीस म्हणून मी, आणि विषय क्रमांक तीन.

विषय क्रमांक एक होता वर्तमानपत्रं किती वाजता उघडायची. दोन, गळकं छप्पर. तीन, मागच्या खोलीतला गोविंदआप्पांचा वर्ग बंद करून ती खोली सुताच्या रेशनची कार्डं वाटायला घेणे. आप्पांना सभेचं बोलावणं नव्हतं. ते सर्वांच्या आधी येऊन बसले होते आणि 'ज्याच्याविरुद्ध ठराव त्याला हजर राहण्याचा हक्क' या मुद्द्यावर रामाण्णांना, रामाण्णा जोडे काढत असतानाच, व्याख्यान देत होते.

या गृहस्थांची ओळख करून द्यायला फार लांब जायला नको. हद्दीच्या दगडापर्यंत गेलं तरी पुरे.

आमचं शहापूर संस्थानात आणि बेळगाव इंग्रजी मुलखात. मध्ये नदी नाही, डोंगर नाही. गुडघ्याएवढा एक दगड आहे, आणि त्यावर बहुतेक वेळा कुणाची तरी शेळी उभी असते. सगळं गाव त्या दगडाजवळून दिवसातून चार वेळा भाजी घेऊन जातं-येतं. आप्पा मात्र तिथं थांबतात. चपला काढतात, एकमेकींवर आपटतात, संस्थानची धूळ संस्थानात झाडतात आणि मग इंग्रजी राज्यात पाऊल टाकतात. परत येताना तिकडची धूळ तिकडं झाडतात. मी एकदा म्हटलं, "आप्पा, चपला झिजतील."

"झिजू देत की. उद्या कोण म्हणायला नको, गोविंदानं परमुलखातली माती आणली म्हणून."

आयुष्यभर ते संस्थानच्या जकात नाक्यावर कारकून होते. पेन्शन घेऊन घरी आले, पण नाका काही त्यांच्यातून उठला नाही. गल्लीनं त्यांना हद्दआप्पा हे नाव दिलं, आणि त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं.

आठ वर्षांमागं बेळगावात कायद्याचं कॉलेज निघालं, तेव्हा आप्पांनी दर रविवारी वर्ग सुरू केला. विषय: राज्यघटना, नागरिकांचे हक्क आणि आंतरराष्ट्रीय कायदा. फी नाही. आप्पांनी स्वतः कायद्याची एकही परीक्षा दिलेली नाही. आमच्या वाचनालयात या विषयावर तीन पुस्तकं आहेत आणि त्यांतल्या जाडजूड पुस्तकाचा शेवटचा भाग वाळवीनं खाल्ला आहे. त्यामुळे आप्पांचं युद्धाचं ज्ञान पूर्ण आणि तहाचं अर्धं.

सुरुवातीला सात पोरं येत. पुढं तीन राहिली. तीही कशी राहिली हे मला कळलेलं नाही, कारण आप्पा शिकवत काहीच नाहीत. ते फक्त प्रश्न घालतात. मी चिटणीस झाल्यापासूनच्या सहा महिन्यांत मी त्यांना एकाही प्रश्नाचं उत्तर सांगताना ऐकलं नाही. पोरानं घाईनं उत्तर दिलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे: "आधी प्रश्न मांड, रं. उत्तर काय, शेळीबी देती."

आणि प्रश्न तरी कसले? 'अ याचे चिंचेचे झाड संस्थानात आहे. फांदी इंग्रजी हद्दीत आहे. चिंच ब याच्या डोक्यावर पडून टेंगूळ आले. ब याने दाद कोठे मागावी?' दुसरा: 'चोर हद्दीचा दगड ओलांडून पलीकडे बिडी ओढत बसला आहे. संस्थानच्या शिपायाने त्याच्याकडे काडेपेटी मागितल्यास ती मैत्री समजावी काय?' एक पोरगा शेवटी वैतागून म्हणाला, "आप्पा, युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत चिंच येत न्हाय."

"मग युनिव्हर्सिटीला चिंच ठाऊक न्हाय म्हण. लिही पुढचा."

तिघांपैकी एकही अजून पास झालेला नव्हता. मी खोलीचा विषय काढला की आप्पा एवढंच म्हणत, "माझा एक वकील होऊ दे, चिटणीस. एकच. मग खोली घ्या, नायतर तिच्यात म्हस बांधा." वर्ग मोडला तर आपलं सगळंच मोडलं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसे. मला ते हट्टी म्हाताऱ्याचं नाटक वाटे. माझ्या गल्लीतल्या बायका सुताच्या कार्डासाठी उन्हात रांगेत उभ्या राहत होत्या. त्यांना सावली हवी होती, आणि सावलीत चिंचा पडत होत्या.

तशात बसाण्णांच्या ताण्याचं प्रकरण झालं.

ज्यांना माग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साडी विणायच्या आधी तिचे उभे धागे लांबच्या लांब ताणून खळ लावावी लागते. हाच ताणा. घरात तेवढी जागा कुणाची? म्हणून आम्ही सकाळी सकाळी तो गल्लीतच पसरतो. बसाण्णांचं घर गल्लीच्या टोकाला. त्यांचा ताणा दरवेळी दगडाच्या पलीकडं पंधरा-वीस हात जातो. बापाच्या वेळेपासून जातोय. त्या दिवशी आप्पा चपला झाडायला थांबले, ताण्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बसाण्णा, सुतावर कंट्रोल हाय न्हवं?"

"व्हय की."

"मग परवान्याबगर तू एवढं सूत इंग्रजी मुलखात नेलास. ह्याला निर्यात म्हणत्यात."

बसाण्णा मुळातच भित्रा माणूस. त्यात समोरून, योगायोगानं, बेळगावचा एक पोलीस सायकलवरून येताना दिसला. तो बिचारा शेवग्याच्या शेंगा घेऊन घरी निघाला होता. पण बसाण्णानं कात्री काढली आणि दगडाच्या रेषेत ताणा कचकन कापला. सहा साड्यांचा ताणा. संस्थानातला भाग त्यानं उचलून घरात पळवला, आणि इंग्रजी मुलखातला तुकडा मातीत पडला.

"मी काप म्हटलो न्हाय," आप्पा नंतर म्हणाले. "मी प्रश्न मांडलो."

बसाण्णाची बायको आप्पांच्या दारात जाऊन जे बोलली ते इतिवृत्तात घेण्यासारखं नाही.

तेव्हा मी ठरवलं, आता पुरे. ठरावासाठी आरोपांची यादी केली: ताणा, वर्तमानपत्रावर तांबड्या पेन्सिलीच्या रेघा, नापास विद्यार्थी. चौथा आरोप 'निरर्थक प्रश्न' असा होता. त्याला पुरावा हवा, म्हणून गुरुवारी दुपारी मी मागच्या खोलीतल्या आप्पांच्या सगळ्या वह्या काढून बसलो. प्रश्नांची वर्गवारी करायची, दर वर्गात किती ते मोजायचं आणि सभेपुढं ठेवायचं. मला असल्या कामाचा कंटाळा नाही.

झाडं एका बाजूला. गुरंढोरं एका बाजूला. चोर, विहिरी, वराती. बघता बघता ढीग लागले. काही प्रश्न मात्र कशातच बसेनात. 'अ हा संस्थानचा प्रजाजन. त्याची मुलगी लोंढा स्टेशनाच्या पलीकडे पोर्तुगीज मुलखात दिली होती. ती वारली. तिची मुलगी ख, वय चार, बापाकडे आहे. अ याने नातीस भेटण्याची मागणी केली असता ती नाकारली गेली. अ याला कोणता हक्क आहे? तो कोणत्या राज्याने मिळवून द्यावा?'

अशा प्रश्नांचा एक वेगळा ढीग केला. दोन-तीन महिन्यांनी एक, असा तो प्रश्न प्रत्येक वहीत होता. शब्द थोडेफार बदलत. कधी अ पोर्तुगीज कोर्टात जाई, कधी व्हाइसरॉयला अर्ज करी. मी तारखा लावून ते ओळीनं मांडले, तेव्हा एक गोष्ट दिसली. ख, वय चार. ख, वय पाच. ख, वय सात. शेवटच्या वहीत, गेल्याच महिन्यात, ख, वय अकरा.

चिंचेखालच्या ब चं वय कधी वाढलं नव्हतं.

मी वह्या होत्या तशा ठेवल्या. यादी मात्र फाडली नाही. पुरावा तो पुरावा.

सभेत विषय तीन निघाला. आप्पांनी लगेच हरकत घेतली: फिर्यादी तोच आणि चिटणीसही तोच, हे न्यायाला धरून नाही. रामाण्णा म्हणाले, "आप्पा, खाली बसा. कोर्ट न्हवं हे." बसाण्णा म्हणाला, "कोर्ट असतं तर बरं झालं असतं. मी फिर्याद केलो असतो." मी आरोप वाचले. एक, दोन, तीन. चौथ्यापाशी थांबलो.

"आप्पा, एक विचारायचंय. ही ख कोण?"

"काल्पनिक."

"मग तिचं वय कसं वाढतं?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग रामाण्णांकडं. मग म्हणाले, "काल्पनिक असली म्हणून काय झालं? पोरगी वाढायची थांबती व्हय?"

बसाण्णाला काय चाललंय ते कळलं नव्हतं.

मग आप्पा बोलले, पण खाली बघून. मुलगी गेली त्या वर्षी ते एकदा तिकडं गेले होते. व्याह्यांनी दारातच सांगितलं, मुलगी गेली, नातं संपलं, तुमचा इथं हक्क नाही. आप्पा परत आले आणि वकील गाठले. "बेळगावचा वकील म्हटला, तुम्ही संस्थानचे, तिकडं जावा. संस्थानचा म्हटला, परराज्याचं काम आमच्याकडं न्हाय, ते इंग्रजांकडं. तिसरा तर हसलाच. म्हटला, आजाला नातीला बघायचा हक्क कुठल्या कायद्यात लिवलाय, दाखवा. न्हाय लिवलेला. मी तिन्ही पुस्तकं बघितलो." ते थांबले. "म्हणून म्हटलं, आपलाच एक वकील तयार करावा. लहानपणापास्नं ह्या प्रश्नावर वाढलेला. आता दिल्लीला घटना समिती हक्क लिहायलीय. त्यात कुठं बसतंय का, ते तरी तो बघंल."

इथं एखाद्या हळव्या माणसानं डोळे पुसले असते. मी चिटणीस आहे. मी विचारलं, "आप्पा, व्याह्यांना पत्र लिहिलंत का कधी?"

"अकरा वेळा."

"मजकूर काय होता?"

त्यांना तो तोंडपाठ होता. "या नोटिशीने आपणांस कळविण्यात येते की, नोटीस पोहोचल्यापासून पंधरा दिवसांच्या आत…"

रामाण्णांनी कपाळावर हात मारला. "आप्पा! व्याह्याला नोटीस? अकरा नोटिशी? आवो, माझ्या दारात असली नोटीस आली तर मी पोरीला माळ्यावर लपवून ठेवीन!"

"मग काय लिवायचं?" आप्पा खरोखरच विचारत होते.

"लिवायचं, पोरीला बघावंसं वाटतंय. वर्सातनं एकदा पाठवा, न्हायतर मी येतो. संपलं."

"ह्यात मुद्दा काय हाय?"

"मुद्दा न्हाईच त्यात!" बसाण्णा मधेच ओरडला. "माणसानं माणसाला लिवायचं, आप्पा. ताणा कापायला लावतासा आणि एवढं कळंना व्हय?"

ठराव असा झाला: खोली सहा दिवस सुताच्या कार्डांना, रविवार सकाळ आप्पांना. बसाण्णानं विरोध नोंदवला नाही. चौथा आरोप मी मागं घेतला; पहिले तीन कायम आहेत. आणि पत्र तिथंच बसून लिहायचं ठरलं. मी कागद, दौत, टाक पुढं केला. आप्पांनी पाकिटावर पत्ता लिहिला, नाक्यावरच्या वळणदार अक्षरात. मग कागद ओढला, टाक बुडवला आणि बसून राहिले. शाई दोनदा वाळली. शेवटी कागद माझ्याकडं सरकवून म्हणाले, "तुम्हीच लिवा, चिटणीस. माझ्या हातातनं नोटीसच येतीया. तुम्ही सरळ माणूस."

मी सरळ माणूस आहे यात शंका नाही. त्याच दुपारी बसलो. पहिला मसुदा केला. वाचून पाहिलं तर त्यात पाच मुद्दे होते, आकडे घालून. फाडला. दुसऱ्यात आकडे काढले. तरी शेवटी 'सबब कळावे' आलं. तिसरा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "ही गळक्या छपराची तक्रार हाय का?"

आज मंगळवार. सकाळी आप्पा दारावरून गेले. आत आले नाहीत, विचारलंही नाही. नुसतं बघून गेले. पाकीट टेबलावर आहे. वर परमुलखाच्या टपालाचं तिकीट लावलंय, पत्ता आहे, आणि पत्त्याखाली आप्पांनी बारीक अक्षरात तिचं नाव लिहिलंय: चि. शालू. कागदावर मी आतापर्यंत 'सप्रेम नमस्कार' एवढं लिहिलं आहे. त्याच्या पुढचं लिहायचं राहिलं आहे.