स्टिगेच्या दौऱ्याआधीची श्रवणबंदी

या, असे पुढे येऊन बसा. मागे बसणाऱ्याचा निम्मा जीव दारातल्या चपलांपाशी असतो, आणि मला जे आख्यान सांगायचं आहे ते सगळा जीव एकवटून ऐकण्यासारखं आहे. लांबण लावणार नाही.

भक्तीचं मूळ वाट पाहण्यात आहे. देव भेटला की भक्ताला पुढे करण्यासारखं फारसं काही उरत नाही. नमस्कार करायचा आणि घरी यायचं. खरी साधना त्याच्या आधी. हे तत्त्व ऐकून माना सगळेच डोलावतात, पण ते शास्त्रशुद्ध रीतीने अमलात आणणारी माणसं जगात थोडी. आमच्या हर्नोसांद गावातलं ‘स्टिगे हाल्म अभ्यास मंडळ’ त्यांतलं एक.

स्टिगे हाल्म म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांचे रॉक गायक. अर्ध्या शतकाहून अधिक काळ ते एकाच कातडी जाकिटात आहेत. गेल्या वसंतात त्यांनी आपला अखेरचा दौरा जाहीर केला. (याआधीचे तीन अखेरचे दौरे अखेरचे नव्हते, हे त्यांनी त्या त्या वेळी मोठ्या मनाने मान्य केलं होतं.) दौऱ्यात आमच्या गावाचं नाव होतं. बंदराजवळच्या मैदानावर, उघड्यावर, उन्हाळ्यात.

आता दुसऱ्या एखाद्या देशात माणसांनी नुसता आनंद केला असता. आमच्याकडे स्वीडनमध्ये चार माणसांना एकच गोष्ट आवडली की ती घरी बसून आवडून घेण्याची पद्धत नाही. अभ्यास मंडळ काढतात. मंडळाला नगरपालिका खोली देते, खोलीला थर्मास लागतो, थर्मासला दालचिनीचे बन लागतात आणि बन खाताना बोलायला अभ्यासक्रम लागतो. आमच्या मंडळाचा विषय होता, ‘दौऱ्याची प्रतीक्षा: तत्त्व आणि व्यवहार’.

अध्यक्ष विदार. नगरपालिकेच्या पार्किंग खात्यातून निवृत्त झालेला माणूस. अन्याय सहन करील, पण चुकीच्या बाजूला उभी केलेली गाडी नाही. कामाची वाटणी त्यानेच केली. एकाकडे त्या दिवशीचं हवामान. एकाकडे मैदानावरच्या शौचालयांचं अंतर आणि सभासदांचं वय यांचा मेळ. गाण्यांच्या क्रमाचं भाकीत तिघांकडे, कारण एकमत होण्याचा धोका नको. आणि रूनारकडे गुडघा.

गुडघ्याचं सांगायचं राहिलं. दौरा जाहीर झाला आणि थोड्याच दिवसांत स्टिगेचा डावा गुडघा बिघडला. दौरा पुढच्या उन्हाळ्यावर गेला. वर्तमानपत्रांनी या बातमीला ‘चाहत्यांची निराशा’ असा मथळा दिला. वर्तमानपत्रांना भक्ती कळत नाही. आमच्या मंडळात त्या दिवशी जादा बन मागवले गेले, कारण अभ्यासाला अख्खं एक वर्ष वाढून मिळालं होतं.

रूनार आयुष्यभर घोड्यांचा डॉक्टर होता. त्याने फळ्यावर गुडघ्याचं चित्र काढलं.

“हा सांधा. इथे सूज. अशा वेळी विश्रांती, थंड पाणी आणि टाचेखाली मऊ जमीन.”

“अरे, तो गातो,” गुनवोर म्हणाली. “नांगर नाही ओढत.”

“तू त्याला मंचावर उड्या मारताना पाहिलंस ना? मग फरक सांग.”

स्टिगेला मऊ जमीन मिळावी अशी शिफारस एकमताने झाली.

ही गुनवोर शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातचे बटाटे खाऊन मोठी झाली, त्यामुळे तिला अध्यक्षाच्याही तोंडावर बोलायची मुभा होती. तिच्या शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा आल्गोट बसे. उंच, अबोल, आरागिरणीतला कामगार. तरुणपणी गावाच्या नाचाच्या मैदानावर पोरसवदा स्टिगे ‘लाल सायकल’ हे गाणं म्हणत असताना आल्गोटने गुनवोरचा पाय तुडवला होता. पुढचा संसार त्या माफीतून उभा राहिला. ते गाणं लागलं की आल्गोट उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर वाजवायचा. त्याचं गाणं ऐकणं एवढंच.

मंडळाचं सगळ्यात मोठं कार्य मात्र श्रवणबंदीचं. कल्पना विदारची.

“उपाशी पोटी जेवण गोड लागतं की नाही?” त्याने सभेला विचारलं.

“लागतं.”

“मग कानांनी काय पाप केलंय?”

असा हा सिद्धान्त. स्टिगे प्रत्यक्ष समोर येऊन गाईपर्यंत कोणीही स्टिगेचं एकही गाणं ऐकायचं नाही. ध्वनिमुद्रिका खोक्यांत भरून, सुतळी बांधून विदारच्या तळघरात जमा करायच्या. रेडिओवर लागला तर खोलीबाहेर जायचं. दुकानात लागला तर सामान तिथेच ठेवून रस्त्यावर यायचं. (एका सभासदाने न्हाव्याकडे लागला म्हणून अर्ध्या दाढीनिशी रस्ता गाठला. त्याचं जाहीर अभिनंदन झालं.) पहिल्या हंगामात बंदीचं पालन शंभरातल्या अठ्ठ्याण्णव सभासदांनी केलं, असा अहवाल आहे. मंडळात सभासद अकरा होते, पण टक्केवारीशिवाय अहवालाला तेज येत नाही.

अशा रीतीने हर्नोसांदमध्ये स्टिगे हाल्मवर जिवापाड प्रेम करणारी सगळी माणसं स्टिगे हाल्म न ऐकणारी झाली. ज्यांना तो आवडत नव्हता ती तेवढी ऐकत राहिली.

याच सुमारास आल्गोटचे कान जायला लागले. आरागिरणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस. थोडं कमी ऐकू येणं हा गिरणीचा बोनसच असतो. पण हे वेगळं होतं. आधी पक्षी गेले. मग दाराची घंटा गेली. मग पाठमोऱ्या गुनवोरचा आवाज गेला. डॉक्टरांनी तपासून स्पष्टच सांगितलं की नस सुकत चालली आहे, यंत्राने गोंगाट वाढेल पण सूर मिळणार नाही, आणि पुढचा उन्हाळा काही हे कान पाहणार नाहीत. जे ऐकायचं ते आत्ताच ऐकून घ्या.

गुनवोरने घरी फोनवर गाणं लावून पाहिलं नसेल असं नाही. पण फोनमधलं गाणं आल्गोटला डास गुणगुणल्यासारखं लागे. त्याला हवी होती ती मोठी ध्वनिमुद्रिका आणि मंडळाच्या खोलीतले ते छातीएवढे स्पीकर. मुद्रिका विदारच्या तळघरात आणि स्पीकर मंडळाच्या कुलपात. कोणी म्हणेल, मग कुलूप फोडायचं! असं म्हणणारा आमच्या गावचा नव्हे. आमच्याकडे नियम मोडायचा झाला तरी तो नियमाप्रमाणेच मोडतात. गुनवोर सभेत उभी राहिली.

“एक गाणं. एकदाच. आल्गोटसाठी. डॉक्टर म्हणतात, फार वेळ नाही.”

सगळ्यांचे डोळे पाणावले. विदारने चष्मा पुसला.

“गुनवोर, तुझ्या मागणीला माझं काळीज आत्ताच हो म्हणतंय,” तो म्हणाला. “पण आजच्या विषयांत ती नाही.”

“मग घे विषयांत!”

“घेतो ना. पुढच्या सभेत.”

पुढच्या सभेत मागणी विषयांत आली. तिच्यावर इतकी सहानुभूती व्यक्त झाली की निर्णयाला वेळ उरला नाही. त्याच्या पुढच्या सभेत मागणी मत मागवण्यासाठी शेजारच्या गावच्या मंडळाकडे गेली. त्यांचं तीन पानी उत्तर आलं: तत्त्वतः पाठिंबा, परंतु आज कान तर उद्या डोळे, परवा स्मरणशक्ती, अशाने बंदी म्हणून काही शिल्लक राहील काय? प्रश्न रास्त होता. एक उपसमिती बसली.

उपसमितीपुढे पेच असा, की गाणं आल्गोटसाठी लावलं तरी कान प्रत्येकालाच आहेत. तो ऐकणार म्हणजे बाकीच्यांची बंदी मोडणार. सगळे बाहेर गेले तर सभा भरत नाही, आणि सभा भरली नाही तर गाणं नियमाने लावलं असं होत नाही. तोडगा रूनारने काढला. आल्गोट ऐकेल, बाकीचे बसतील, पण आरागिरणीतले कामगार कानांवर घालतात ती जाड झाकणं घालून. आल्गोटला तोडगा कागदावर लिहून दाखवला तेव्हा तो खुलला. दुसऱ्या दिवशी आपली स्वतःची झाकणं घेऊन आला आणि विदारपुढे ठेवली. (चाळीस वर्षांत ती फारशी वापरलेली नव्हती, हे ओघाने आलंच.)

तेवढ्यात मूस या मोठ्या रानहरणाच्या शिकारीचा हंगाम लागला आणि सभासंख्या भरेना. मग नाताळ आला. नाताळात आमच्याकडे कोणी कोणाला काही नाकारत नाही आणि काही मंजूरही करत नाही. जानेवारीत विदारला सर्दी झाली. दरम्यान गुनवोर एकदा त्याच्या दाराशी गेली.

“विदार, आता त्याला समोर उभं राहून ओरडून सांगावं लागतंय रे. मला खोकं दे. मी कोणाला बोलायची नाही.”

“आणि मी? मला तर कळेलच ना?” विदार कळवळून म्हणाला. “थोडा धीर धर. इतकं आलोय जवळ. चोरून ऐकलेलं गाणं त्याला तरी गोड लागेल का? वाजतगाजत ऐकवू की!”

यात कुठेही दुष्टावा नव्हता, हे लक्षात ठेवा. दुष्ट माणसाने खोकं दारातूनच फेकलं असतं आणि काम झालं असतं.

फेब्रुवारीत ठराव आला, आणि तो अपेक्षेहून उदार निघाला. झाकणंबिकणं काही नको, असं विदार म्हणाला. एका बांधवासाठी सगळं मंडळ एका गाण्यापुरती बंदी उठवेल आणि त्याच्यासोबत ऐकेल. मतं सगळी बाजूने. टाळ्या झाल्या. गुनवोरने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने आल्गोटची कॉलर नीट केली.

समारंभ देखणा झाला. आमच्याकडे शुभकार्याला लागतोच तो हिरवा केक आला. खोक्याची सुतळी खुद्द अध्यक्षांनी सोडली. आल्गोटला मधोमध, स्पीकरच्या अगदी समोर खुर्ची दिली. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर आधीच तयार ठेवली होती. विदारने सुई टेकवली.

काय सांगू! इतक्या दिवसांच्या उपासानंतर ‘लाल सायकल’ कानांवर पडलं आणि माणसं विरघळली. रूनार फळ्याकडे तोंड करून हुंदके देत होता. हवामानवाल्याने शौचालयवाल्याचा हात धरला. विदारचा सिद्धान्त खरा ठरला: उपाशी कानांना गाणं गोड लागतं. दुसरं कडवं झालं. तिसरं सुरू झालं.

आल्गोट सगळ्यांकडे हसून पाहत होता. बोटं तयार होती, हलत नव्हती. शेवटी न राहवून त्याने, बहिरी माणसं विचारतात तसं मोठ्याने विचारलं,

“लावलं का रे?”

विदारने अश्रूंमधूनच ओठांवर बोट ठेवलं.

“शू!”

आल्गोट ओशाळला. “असू दे, असू दे,” तो हळू म्हणाला. “सावकाश लावा. मला घाई नाही.”

गाणं संपलं. गुनवोर त्याच्यासमोर जाऊन बसली आणि त्याची ती तयार बोटं तिने आपल्या दोन्ही हातांत धरली. कार्यक्रम यशस्वी झाल्याबद्दल अध्यक्षांचे आभार मानण्यात आले. ध्वनिमुद्रिका पुन्हा खोक्यात गेली, कारण बंदी एकाच गाण्यापुरती उठली होती.

आता तुमच्या ओठांवर आलेला प्रश्न मला दिसतो आहे. स्टिगेचा गुडघा बरा झाला का? दौरा निघाला का? तो हर्नोसांदला आला का, आणि गायला कसा? विचारा, संकोच करू नका. पण गुनवोर आल्गोटला घेऊन घरी गेली त्याचं पुढे काय झालं, हे ज्याला आधी विचारावंसं वाटलं नाही, त्याला मंडळाचं सभासदत्व आपोआप मिळतं. तुमची खुर्ची राखून ठेवली आहे. मंडळी प्रेमळ आहेत आणि बन ताजे असतात.

जाताना एक मागणं. आल्गोटची आठवण ठेवा. आणि कोणाला काही ऐकवायचं राहून गेलं असेल, तर त्यासाठी चांगला दिवस शोधत बसू नका.