दळवींच्या खिडकीतली परात

संध्याकाळी आमच्या अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावरून कर्कश शिट्टी वाजायची आणि पाठोपाठ आरोळी यायची, "येऊ द्या, येऊ द्या... अजून... बास बास बास!" नवे भाडेकरू दचकून गॅलरीत येत. त्यांना वाटे, जिन्यात कुणीतरी एसटी रिव्हर्स घेतंय. आम्ही जुनी मंडळी चहा पीत राहायचो. दळवी कंट्रोलर टीव्हीवर बातम्या धरत असत.

दळवी मूळचे शेवगावचे. सारी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून झाली आणि निवृत्तीनंतर स्टँड त्यांनी घरी आणला. पाहुण्याला ते प्रवासी म्हणत. जेवणाला उशीर झाला तर "गाडी लेट हाय" म्हणत. टीव्हीवर चित्र नीट आलं की दोरी ओढल्यासारखा हात वर करून "टिंग टिंग" करत. ही डबल बेल. गाडी सुटली, आता कुणी बोलायचं नाही.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. नगरात तेव्हा साध्या अँटेनावर सरकारी चॅनेल अजून दिसे. दळवींच्या टीव्हीवर मात्र मुंग्या दिसत. गच्चीवर डिशच्या छत्र्या लावायला सोसायटीची बंदी, आणि केबलचं नाव काढलं की ते उसळत. "हवेतनं घरात आलेलं धरता येईना, मग आपण कसले कंट्रोलर?" दोन शिंगांची ती अँटेना त्यांनी कपाटावर ठेवली, फ्रीजवर ठेवली, देवघराला टेकवली. एकदा पंख्याला बांधली आणि चुकून कुणी पंखा लावू नये म्हणून बटणावर पाटी चिकटवली, "रस्ता बंद".

खरा उपाय सापडला तो काकूंमुळे. काकू म्हणजे दळवींच्या पत्नी. त्या खिडकीखाली पाटावर बसून, मांडीवर स्टीलची परात घेऊन भाजी निवडत, आणि तेवढा वेळ चित्र स्वच्छ दिसे. त्या उठल्या की निवेदिकेच्या तोंडावर मुंग्या.

"अगं बस! हवामान राहिलंय!"

"मग भाकरी काय ती बाई थापणार?" असं म्हणून काकू परात घेऊन आत जात.

काकू गेल्या. वर्षश्राद्ध झालं, आणि दोनेक दिवसांनी दळवींनी माझं दार वाजवलं. "साहेब, खिडकीची सीट रिकामी हाय. चित्र येत न्हाई."

मी जाऊन बसलो. रिकामी परात घेऊन बसायची लाज वाटते, म्हणून दुसऱ्या दिवशी मेथी नेली. मग इमारतीत पाळ्याच लागल्या. शिंदेवहिनी पालक घेऊन येत, पठाणचाचा लसूण सोलत. दळवींच्या खोलीत डावं-उजवं नव्हतं. पारनेर आणि शेवगाव होतं. "चाचा, परात जरा शेवगावकडं! लई झालं, पाथर्डीला पोचलात, मागं घ्या!" कोणती भाजी चित्राला मानवते याविषयीही त्यांची ठाम मतं होती. मेथीला बरं दिसतं, कोथिंबिरीला हलतं.

पुण्यातला मुलगा संदीप वैतागला. फोनवर म्हणाला, "आप्पा, लोकांना कशाला राबवता? रविवारी येतो. चित्र नीट दिसलं नाही, तर केबल जोडूनच जाईन."

दळवींनी मला बोलावणं पाठवलं. "साहेब, रविवारी टायमावर हजर राहा. न्हाईतर अँटेना गेली म्हणून समजा."

आणि नेमका त्या रविवारी मी कोल्हारला साखरपुड्यात अडकलो. पंगतीला उशीर, परतीच्या रस्त्याला गर्दी. वाटेत मेथीच्या दोन जुड्या उचलल्या आणि धापा टाकत जिना चढलो, तर संदीप खाली येत होता.

"जोडली का रे केबल?"

"कशाला? चित्र एकदम काचेसारखं आहे, काका."

"परात घेऊन कोण बसलं होतं?"

"कुणीच नाही. आप्पांनी ती खिडकीच्या गजाला चिमट्यांनी लावून ठेवलीय. म्हणाले, बरेच महिने झाले, असंच छान दिसतं."

तो गेला. मी जिन्यात उभा राहून आठवू लागलो, बरेच महिने मी कायकाय निवडलं. पालक, चाकवत, शेपू. शेपू तर मी खातही नाही! आज कंट्रोलरला फलाटावर उभं करून जाब विचारायचा, असं ठरवून बेल दाबली.

आतून बातम्या अगदी खणखणीत ऐकू येत होत्या. बेल वाजताच काहीतरी स्टीलचं खडखडलं आणि खरखर सुरू झाली. दार उघडलं.

"आलात? लई लेट! बघा, काय मुंग्या झाल्यात."

मुंग्या होत्याच. परात पाटावर होती. गजाला दोन चिमटे मात्र तसेच राहिले होते. मी चिमट्यांकडे पाहिलं. दळवींनी मला पाहताना पाहिलं. आयुष्यभर गर्दीवर ओरडलेला तो माणूस शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळू लागला.

मी पाटावर बसलो. परात मांडीवर घेतली.

"कुठं सरकू? पारनेरकडं?"

"न्हाई... जरा शेवगावकडं."

चित्र आलं. त्यांचा हात वर गेला. टिंग टिंग. मग ते माझ्यासमोर खाली बसले, एक जुडी ओढून घेतली आणि डबल बेल झाल्यावर प्रथमच बोलले.

"साहेब, उद्या मेथी नको. गवार आणा. गवारीला चित्र जास्त टिकतं."

गवार निवडायला किती वेळ लागतो, हे एव्हाना मला चांगलं कळत होतं.

"किलोभर आणतो," मी म्हणालो.